बिनचेहऱ्याचा धडा

नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ भाजणारे दिवस, लागला की नागपूरकर एकमेकांशी फार बोलत नाहीत. भेटलेच तर "बाप्पा!" एवढं म्हणतात आणि सावली धरतात. यंदा अशाच एका दुपारी, गल्लीतली सगळी दारं लागलेली असताना, माझ्या मावसबहिणीची मुलगी प्राची घामाने निथळत दारात उभी राहिली. खिशात आईने कोंबलेला कांदा तसाच होता, लू लागू नये म्हणून.

"मावशी, मले इन्स्ट्रक्शनल डिझाइनमध्ये करिअर करायचं आहे," चप्पल काढायच्या आतच ती म्हणाली. "तू कसं प्लॅन केलं होतं, ते सांग न."

मला हसू आलं. प्लॅन! मी तिला पन्हं दिलं, पंख्याखाली बसवलं आणि कोणता कोर्स करावा, कामाचे नमुने कसे तयार करावेत, मुलाखतीला काय विचारतात, असं शहाण्या मावशीसारखं सांगत राहिले. ती मोबाइलमध्ये टिपून घेत होती. पण माझ्या डोळ्यांपुढे मात्र तो एक उन्हाळा उभा राहिला होता, ज्याने मला धक्क्यावर धक्के दिले आणि ज्यातला एकही माझ्या प्लॅनमध्ये नव्हता. शेवटी कोर्स-बिर्स बाजूला ठेवून मी तिला तोच सांगायला लागले.

तेव्हा मी महाल भागातल्या एका विनाअनुदानित शाळेत पाचवीला गणित शिकवत होते. पर्मनंट नव्हते. दर वर्षी नेमणुकीची नवी ऑर्डर घ्यायची आणि एप्रिल आला की पुढच्या वर्षाची धास्ती घेऊन सुट्टीत शिरायचं, असं बरीच वर्षं चाललं होतं. मग कोणीतरी सांगितलं की संगणकावरचे, मोबाइलवरचे धडे तयार करणारी माणसं लागतात, आणि शिक्षक असलेलं माणूस असेल तर दुधात साखर. शिकवायचं नाही, शिकणं घडेल अशी मांडणी करायची. प्रश्न कुठे विचारायचा, चूक झाली तर काय दाखवायचं, मूल कुठे अडखळेल, हे सगळं आधीच ओळखून ठेवायचं. मला वाटलं, हे तर मला झोपेतही जमेल. मी ऑनलाइन कोर्स सुरू केला आणि त्या वर्षी नव्या ऑर्डरसाठी शाळेत गेलेच नाही.

बाबांना हे सांगितलं तेव्हा ते पेपर वाचत होते. सरकारी कचेरीतून रिटायर झाल्यापासून पेपर हीच त्यांची कचेरी.

"म्हणजे तू शिकवणार नाही?"

"शिकवीन न बाबा. पण मी तिथं नाही राहीन."

"मंग पोरापाशी कोण राहीन?"

"कोणीच नाही. धडा राहीन."

बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "बिना मास्तरची शाळा," ते म्हणाले. "आमच्या काळात आमी याच्यासाठी देवाले हात जोडत होतो."

कोर्सचे मार्गदर्शक पुण्याचे होते. बोलायला मऊ, पण खोडायला एकदम कडक. पहिल्याच कामात मी लिहिलं होतं, 'हा धडा संपल्यावर विद्यार्थ्याला अपूर्णांकांची तुलना समजेल.' त्यांनी 'समजेल' या शब्दावर लाल रेघ मारली आणि शेजारी विचारलं, 'समजणं तुम्हाला दिसतं का? मूल काय करून दाखवेल, ते लिहा.' माझा पारा चढला. इतकी वर्षं वर्गात मी रोज "समजलं?" असं विचारत होते आणि पोरं रोज "होऽऽ मॅडम" म्हणत होती. त्या लांबलेल्या 'हो'वर माझं सगळं दुकान उभं होतं. समजणं दिसत नाही म्हणे! मला तर ते पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत दिसत असे.

रागारागातच मी माझा नमुन्याचा धडा करायला घेतला. नागपूरची बाई अपूर्णांक शिकवणार म्हटल्यावर कोर्समधल्या सगळ्यांनी संत्र्याच्या फोडी सुचवल्या. त्यांना काय ठाऊक, एका संत्र्याच्या फोडी कधी सारख्या निघत नाहीत! मी संत्र्याला हात लावला नाही. साध्या कागदाच्या पट्ट्या घेतल्या. पडद्यावर सारख्या लांबीच्या दोन पट्ट्या, बोट फिरवलं की हव्या तितक्या समान भागांत कापल्या जाणाऱ्या. खाली प्रश्न: एक छेद तीन मोठा की एक छेद चार? मुलाने पट्ट्या कापाव्यात, तुकडे शेजारी ठेवून बघावेत, मग उत्तरावर बोट ठेवावं. दुपारचं ऊन खिडकीच्या पडद्यातून आत झिरपायचं, माझा टचस्क्रीनचा लॅपटॉप इतका तापायचा की मांडीवर ओला नॅपकिन घालून वर तो ठेवावा लागे, आणि मी आनंदाने पट्ट्या रंगवत बसायचे. त्या दिवसांत मी फार सुखी होते, हे कबूल करायला हवं.

धडा तयार झाला की त्याची चाचणी घ्यायची, असा या कामाचा दंडक आहे. एखाद्या मुलाला धड्यापुढे बसवायचं आणि आपण बाजूला बसून नुसतं बघायचं. बोलायचं नाही. सुचवायचं नाही. मानसुद्धा हलवायची नाही. मार्गदर्शकांनी हे बजावून सांगितलं होतं आणि मी मनात म्हटलं होतं, एवढं काय त्यात!

खालच्या मजल्यावर रेणू राहायची. तिचे वडील कळमन्याच्या मार्केटात मिरचीच्या अडत्याकडे कामाला, आई घरीच शिलाई करायची. रेणू माझ्याच वर्गातली, आणि माझी लाडकी. प्रश्न पूर्ण व्हायच्या आत हिचा हात वर. निरीक्षणाला कोणी आलं की मी डोळे मिटून रेणूला उभं करायचे. तिच्या आईची परवानगी घेतली, समोर मोबाइल उभा करून रेकॉर्डिंग लावलं, आणि मी तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसले. सोपं पोर निवडलं, म्हणून मनातल्या मनात जरा लाजसुद्धा वाटली.

पहिला प्रश्न आला. रेणूचं बोट एक छेद चारकडे निघालं. अर्ध्यात थांबलं. तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी ठरल्याप्रमाणे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. बोट एक छेद तीनकडे गेलं. पुन्हा मान वळली. मग पुन्हा चारकडे. पुन्हा मान.

"मॅडम, हे का?"

मी गप्प.

"का मंग हे?"

मी कॅलेंडरातल्या एकादश्या वाचत होते. तिने डोळे मिटल्यासारखं करून कुठेतरी बोट ठेवलं. चूक. पुढचा प्रश्न, तोच खेळ, चूक. त्याच्या पुढचा बरोबर आला, पण कसा आला हे तिलाही कळलं नसावं. पट्ट्या तशाच पडल्या होत्या. एकीलाही तिने कापलं नाही. शेवटी तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती उठून सरळ जिना उतरून गेली. थोड्या वेळाने तिची आई वर आली. "काहून रडवलं वं ताई पोरीले? काय इचारलं असं?"

काय सांगणार? पाचवीतलंच विचारलं होतं. ती वर्गात हेच प्रश्न कधी चुकली नव्हती.

मला वाटलं, धडा फसला. अक्षरं लहान असतील, पट्टी कापायची खूण दिसली नसेल. संध्याकाळी गच्चीवर पाणी शिंपून, ओल्या फरशीवर बसून मी रेकॉर्डिंग लावलं. मोबाइल लॅपटॉपच्या मागे होता, त्यामुळे त्यात पडदा नव्हता, नुसती रेणू होती. आणि रेणू पडद्याकडे जवळजवळ बघतच नव्हती. ती बघत होती डावीकडे. माझ्याकडे. बोट इकडे नेऊन माझा चेहरा, तिकडे नेऊन माझा चेहरा. दिवा कुठे ठेवला ते अंधारात हातांनी चाचपावं, तशी ती माझ्या तोंडावर काहीतरी शोधत होती, आणि ते तिला सापडत नव्हतं.

मग माझ्या कानात वर्ग वाजायला लागला. "एक छेद चार... नाही नाही, एक छेद तीन!" "शाब्बास!" तो 'नाही नाही' मी रोज ऐकत होते. मला वाटायचं, पोरगी विचार करते आहे, स्वतःची चूक स्वतः पकडते आहे. ती माझ्या भुवया वाचत होती! चूक उत्तराला माझ्या भुवया वर जात असणार, ओठ आवळले जात असणार, हातातला खडू थांबत असणार. रेणू त्यात तरबेज झाली होती. मी अपूर्णांक शिकवत होते आणि ती मला शिकत होती.

माझे हातपाय गार पडले. नागपुरात, मे महिन्यात! मी खाली येऊन बाबांना सगळं सांगितलं. ते गंभीर होतील असं वाटलं होतं.

"हे तुले आता समजलं?" ते म्हणाले. "तुह्या भुवया लहानपणापासून बोलतात वं. तू खोटं बोलली का मले तोंड उघडायच्या आधीच समजे."

दुसऱ्या दिवशी मी वर्गातली आणखी दोन मुलं बोलावली. एकाने तर थेट हिशोबच मांडला: "मॅडम, तुमी हसत नाही म्हणजे चुकलं का?" त्या रात्री मला जेवण गेलं नाही. सगळे तास आठवत होते. निकालाचे दिवस, "तुमच्यामुळेच" म्हणत पेढे देणारे पालक, माझी मान ताठ करून उभं राहणं. त्यातलं खरं किती आणि भुवयांचं किती, हे मी आता कोणाला विचारणार होते?

आमच्याकडे उन्हाळ्यात बाया गाडीवर निघाल्या की तोंडाला स्कार्फ गुंडाळतात, वरून गॉगल. सख्ख्या बहिणीला बहीण ओळखू येत नाही. रेणूला मी गोडीगुलाबीने वर बोलावलं आणि तो सगळा साज चढवून घरातच तिच्या शेजारी बसले. धडा सुरू केला. तेवढ्यात बाबा आतून आले आणि जागच्या जागी थबकले.

"बाप्पा! घरात काहून बांधून बसली वं? कोठी चालली?"

"कोठी नाही. शिकवून राहिली."

बाबा उलट पावली आत गेले. रेणू खो खो हसली, मग तिचं हसू उतरलं. तिने माझ्या गॉगलच्या काचेत वाकून बघितलं, तिथे तिला तीच दिसली. "मॅडम, तोंड दाखवा न," ती हळूच म्हणाली. "मले भेव लागते." मी स्कार्फ सोडला. तिची भीती खरी होती, आणि तो दगडी चेहरा घेऊन बसणं मलाही सोसवत नव्हतं. कुठल्याही पोराने आपल्याकडे बघावं, आपला चेहरा शोधावा, याचीच तर बाईला चटक लागलेली असते. ती चटक सुटल्यावर आपण कोण उरतो, याचा मला अंदाज नव्हता.

"मंग नोकरीचं काय झालं?" प्राचीने विचारलं. एवढा वेळ तिची बोटं मोबाइलवर चालत होती, ती आता थांबली होती.

असे धडे बनवणाऱ्या एका कंपनीत मी अर्ज टाकला होता; मुलाखत रामदासपेठेत होती. खाली दवाखाना, वर हे ऑफिस. बाहेरच्या भट्टीतून आत गेलं की अंगावर शहारा यावा इतकं गार. तिघंजण होते आणि मुख्य बाई खरंच प्रेमळ होत्या. त्यांनी आधी मला पाणी पाजलं. माझा धडा त्यांना आवडला. मग मी त्यांना रेणूचं रेकॉर्डिंग दाखवलं. तिच्या आईला विचारूनच नेलं होतं. मला वाटलं होतं, या कामातली माणसं आहेत, बघताक्षणी गार होतील. आपल्याला केवढी गोष्ट सापडली आहे, हे त्यांना तरी कळेल.

रेकॉर्डिंग संपलं. मग बाई म्हणाल्या, "किती गोड! किती शोधते आहे ती तुम्हाला!"

त्यांचे डोळे चमकत होते. "आमच्या धड्यांत नेमकं हेच कमी आहे. मुलं मध्येच सोडून जातात. आपण असं करू, कोपऱ्यात तुमचा चेहरा ठेवू. मुलाचं बोट बरोबर उत्तराजवळ गेलं की चेहरा हसेल, चुकीच्या जवळ गेलं की भुवया जरा वर. म्हणजे मूल अडकणारच नाही."

मला वाटलं, चेष्टा करताहेत. त्या चेष्टा करत नव्हत्या. शेजारचा तरुण भराभर लिहून घेत होता. जे बघून माझी झोप उडाली होती, तेच बघून त्यांना मी पसंत पडले होते. त्यांनी तिथेच नोकरी देऊ केली आणि विचार करायला एक दिवस दिला. मी समोरचं बिस्किट उचलून खाल्लं आणि बाहेर आले.

बाईंचं सगळंच चुकत होतं असंही नाही. कुठल्या तरी खेड्यात एक पोर एकटं मोबाइल घेऊन बसलेलं असतं, आजूबाजूला विचारायला कोणी नसतं. त्याला कोपऱ्यातून एक बाई हसून दिसली तर त्यात वाईट काय? आणि मी? शाळेची ऑर्डर मी घेतली नव्हती, माझ्या जागी दुसरी बाई ठरली होती. पगाराचं ऐकून बाबा पहिल्यांदाच पेपर खाली ठेवून म्हणाले होते, "बिना मास्तरची शाळा वाईट नाही." नाही म्हटलं तर जूनमध्ये माझ्याकडे काहीच नव्हतं. ना वर्ग, ना ऑफिस. रात्रभर मी आरशापुढे जाऊन भुवया वर-खाली करून बघत होते. हजारो पोरं हा चेहरा शोधतील! खोटं कशाला बोलू, त्या विचाराने मला गुदगुल्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी रेणू आपणहून वर आली. घरात गरम होत होतं म्हणून आली, की तो धडा तिच्या मनात खुपत होता म्हणून, कोण जाणे. मी लॅपटॉप उघडून दिला आणि शेजारी बसणार तेवढ्यात बाईंचा फोन आला. आत आवाज नीट येईना, म्हणून मी बाहेर गॅलरीत गेले आणि दार ओढून घेतलं. कठडा पोळत होता. खिडकीच्या पडद्याला एक फट होती. तिच्यातून मला रेणू आणि तिच्यापुढचा लॅपटॉप बाजूने दिसत होते. मी तिला दिसत नव्हते.

"मग, काय ठरवलंत?" बाई विचारत होत्या.

आत प्रश्न आला होता. रेणूचं बोट एक छेद चारकडे गेलं. तिने डावीकडे बघितलं. खुर्ची रिकामी होती. तिने दाराकडे बघितलं. मग स्वयंपाकघराकडे. बोट तसंच हवेत.

"आपण सोमवारपासूनच शूटिंग घेऊ," बाई म्हणाल्या. "अगदी नैसर्गिक हसायचं, बस."

रेणूने बोट ठेवलं. चूक. ती ओठ दाबून बसून राहिली. आता उठेल, जिना उतरून जाईल, असं मला वाटलं. आत जावं, तिच्या शेजारी बसावं, नुसतं बघून हसावं, असं इतकं तीव्र वाटलं की माझा हात दाराच्या कडीपर्यंत गेला. ती उठली नाही. ती पुढे वाकली. बोटाने एक पट्टी कापली. दुसरी कापली. तुकडे ओढून एकाखाली एक ठेवले आणि बघत बसली. बराच वेळ. तिचा चेहरा मी वर्षभर रोज बघितला होता, पण हा चेहरा मी पहिल्यांदाच बघत होते. त्यावर कोणासाठीच काही नव्हतं. मग तिचं तोंड हळूच उघडलं आणि तसंच राहिलं. एखादं मूल चकित होतं ते असं, हे मी शिक्षिका असून कधी बघितलं नव्हतं. कारण असं होताना मी नेहमी तिच्या आणि पट्टीच्या मध्ये उभी असायचे.

"हॅलो? ऐकू येतंय ना?"

"येतंय," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला. "मॅडम, चेहरा नको. चेहऱ्याशिवाय धडा करायचा असेल तर मी येते."

बाई तितक्याच प्रेमळपणे म्हणाल्या, "मग तुमचीच निवड कशाला करायची आम्ही?" फोन संपला. नोकरी गेली होती, शाळा आधीच गेली होती. डोक्यावर ऊन होतं. पुढे एका छोट्या संस्थेत, मोठ्या खटपटीनंतर, मला हेच काम मिळालं. पण त्या क्षणी मला ते ठाऊक नव्हतं. तेव्हा मी नुसती घाबरलेली होते.

मी दार उघडून आत गेले. रेणूने माझ्याकडे न बघताच तक्रार केली. चांगली रागावली होती.

"कोठी गेल्या होत्या मॅडम तुमी? मले एकटीलेच पाहा लागलं."

माझे डोळे भरून आले. माझ्या चेहऱ्यावर त्या वेळी काय काय उमटलं असेल, देव जाणे. पण ते रेणूला दिसलं नाही. तिने पुढच्या प्रश्नाची पट्टी कापायला घेतली होती.